प्रतिस्पर्धी नसलेली निवडणूक: अमेरिकेतील न्यायमूर्तींना ‘कायम ठेवावे का?’ हा कौल

शरावती (धागाकर्ती)

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पेन्सिल्व्हेनियातील आमच्या मतपत्रिकेवर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील तीन न्यायमूर्तींची नावे होती: क्रिस्टीन डोनोह्यू, केव्हिन डॉर्टी आणि डेव्हिड वेक्ट. त्यांच्याविरुद्ध कोणीही उभे नव्हते आणि नावांपुढे पक्षही छापलेला नव्हता. प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न होता, की यांना आणखी एका मुदतीसाठी पदावर कायम ठेवावे का, आणि त्यापुढे ‘हो’ व ‘नाही’ अशी दोन रिकामी वर्तुळे होती. एरवी या प्रश्नापर्यंत येईतो मतदार कंटाळलेला असतो आणि पुष्कळ जण ती वर्तुळे कोरीच सोडतात. या वेळी मात्र पत्रपेटीत रंगीत पत्रकांचा खच पडत होता, टीव्हीवर जाहिरातींचा मारा चालू होता, आणि आपल्या राज्यात सर्वोच्च न्यायालयावर किती न्यायमूर्ती असतात हे ज्यांना आदल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते असे शेजारी कुंपणापाशी उभे राहून वाद घालत होते. तिघेही साठ टक्क्यांहून अधिक मतांनी कायम राहिले.

या पद्धतीला इथे रिटेन्शन इलेक्शन म्हणतात आणि सुमारे वीस राज्यांत वरिष्ठ न्यायालयांतील न्यायमूर्ती तिला सामोरे जातात. तिची सुरुवात कॅलिफोर्नियात १९३४ मध्ये झाली, पण नाव झाले ते मिसूरी राज्याचे. कॅन्सस सिटीमध्ये टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याची इतकी पकड होती, की पक्षाच्या तिकिटावर निवडून येणारा न्यायाधीश कोणाचा माणूस आहे हे सांगण्यासाठी त्याचा निकाल वाचावा लागत नसे. त्याला विटून मिसूरीच्या मतदारांनी १९४० मध्ये नवी व्यवस्था स्वीकारली. वकील आणि सामान्य नागरिक यांचे एक मंडळ तीन नावे सुचवते, गव्हर्नर त्यांतील एकाची नेमणूक करतो आणि त्या व्यक्तीने किमान वर्षभर काम केल्यानंतर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोक ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतात. नेमणूक जाणकारांनी करावी आणि अंकुश लोकांच्या हाती राहावा, अशी ही तडजोड होती. पेन्सिल्व्हेनियाची रीत थोडी वेगळी आहे: इथे न्यायमूर्ती पहिल्यांदा पक्षाच्या तिकिटावर चुरशीने निवडून येतो आणि दहा वर्षांनी त्याच्यासाठी हा कौल घेतला जातो. सुपीरियर कोर्ट आणि कॉमनवेल्थ कोर्ट या आमच्या दोन मधल्या अपील न्यायालयांनाही हाच नियम आहे.

या २०२५ च्या कौलात एवढा पैसा का ओतला गेला हे उघड आहे. सात जणांच्या या न्यायालयात डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आलेले पाच आहेत, आणि २०१८ मध्ये याच न्यायालयाने अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाच्या, मतदारसंघांचा नकाशा राज्यघटनेविरुद्ध ठरवून नवा आखून घेतला होता. तिघेही गेले असते, तर न्यायालय दोन विरुद्ध दोन असे अडकले असते. हंगामी नेमणुकीसाठी राज्याच्या सिनेटची (वरिष्ठ सभागृहाची) दोन-तृतीयांश संमती लागते आणि त्या जागांसाठीची निवडणूक थेट २०२७ मध्ये आली असती. गंमत अशी, की डोनोह्यू २०२७ मध्येच ७५ वर्षांच्या होतात आणि त्या वयाला इथे निवृत्ती सक्तीची आहे. म्हणजे आम्ही दहा वर्षांचा कौल दिला तो प्रत्यक्षात दोन वर्षांपुरताच.

माझे म्हणणे असे आहे, की या पद्धतीत वाईट न्यायाधीश सापडत नाहीत. आळशी, उर्मट, निकाल वर्षानुवर्षे रेंगाळत ठेवणारे न्यायाधीश तिच्यातून आरामात पार पडतात, कारण शांत वर्षी मतपत्रिकेच्या त्या भागाकडे कोणी पाहतच नाही. एखाद्या वर्षी लोक संतापलेले असले, की त्या वर्षी ज्याची पाळी आलेली असते त्याचे पद जाते, मग संतापाचे कारण त्याने घडवलेले असो वा नसो.

तर्कट

‘पाळी येते त्याचे पद जाते’ हे वाक्य ऐकायला झकास आहे, पण त्याला पुरावा हवा. १९८६ चे कॅलिफोर्निया घ्या. त्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील सातपैकी सहा न्यायमूर्तींची नावे मतपत्रिकेवर होती. मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड, क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन यांना मतदारांनी घरी पाठवले. माल्कम ल्युकस, एडवर्ड पॅनेली आणि स्टॅन्ली मॉस्क यांना ठेवले. मॉस्क काही सनातनी नव्हते, ते उदारमतवादीच समजले जात. तरीही लोकांनी त्यांना वेगळे काढले, कारण त्यांनी काही फाशीच्या शिक्षा कायम केल्या होत्या आणि बर्ड यांनी मात्र आपल्यापुढे आलेली एकही कायम केली नव्हती. सहा नावांतून तीन नावे अचूक वेचणाऱ्या मतदाराला आंधळा म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या जनतेने १९७८ मध्ये मृत्युदंडाची व्याप्ती वाढवणारा कायदा स्वतः मतदानाने संमत केला होता आणि न्यायालय तो अमलात येऊ देत नव्हते. अशा वेळी लोकांनी काय करायला हवे होते?

मुक्काम सॅक्रामेंटो

तर्कट यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण ती अर्धी आहे. त्या निवडणुकीच्या आठवणी इथल्या जुन्या वकिलांकडून मी ऐकल्या आहेत आणि तेव्हाचे बरेच वाचलेही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रोझ बर्ड यांना गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी १९७७ मध्ये थेट मुख्य न्यायमूर्ती नेमले. त्या आधी कधी न्यायाधीश नव्हत्या. ब्राउन यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे शेतीखाते होते आणि शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा १९७५ चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या न्यायालयातील त्या पहिल्या महिला. मोठे बागायतदार त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून डूख धरून होते आणि १९७८ च्या पहिल्याच कौलात त्या निसटत्या मतांनी वाचल्या. पुढे न्यायालयाने ग्राहकांच्या आणि भाडेकरूंच्या बाजूने निकाल दिले तशा विमा कंपन्याही विरोधकांत आल्या. १९८६ च्या प्रचाराला पैसा पुरवणाऱ्यांत ही मंडळी ठळकपणे होती, पण जाहिरातींमध्ये विमा नव्हता की शेतीही नव्हती. त्यांत होते खुनात बळी पडलेल्यांचे नातेवाईक. बर्ड यांच्यासमोर आलेल्या साठाहून अधिक मृत्युदंडांपैकी प्रत्येक त्यांनी रद्द ठरवला होता, एवढे एक वाक्य प्रचाराला पुरेसे होते. निवडणुकीत सुमारे दोन-तृतीयांश मते त्यांच्याविरुद्ध गेली.

पुढे काय झाले तेही पाहावे. गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी ल्युकस यांना मुख्य न्यायमूर्ती केले आणि नवे न्यायालय बहुतेक मृत्युदंड कायम करू लागले. तरीही प्रत्यक्ष शिक्षेची पहिली अंमलबजावणी १९९२ मध्ये झाली. २००६ पर्यंत एकूण १३ झाल्या आणि त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी तर स्थगितीच दिली. ज्या कारणासाठी तीन न्यायमूर्ती काढले ते कारण वीस वर्षांत विरून गेले आणि विमा कंपन्यांना हवे तसे न्यायालय मात्र मिळाले.

याच न्यायालयातील न्यायमूर्ती ऑटो कौस यांना १९८२ मध्ये कौलाला सामोरे जायचे होते आणि त्याच काळात एका अत्यंत वादग्रस्त प्रकरणाचा निकाल द्यायचा होता. निवडणुकीचा विचार मनातून काढणे म्हणजे दाढी करताना न्हाणीघरातील टबात मगर आहे हे विसरण्यासारखे आहे, असे ते म्हणत. मत आपण कायद्याच्या आधारे दिले की मगरीच्या भीतीने, याची स्वतःलाच खात्री देता येत नाही, अशी त्यांची प्रामाणिक कबुली होती. न्यायमूर्ती हरतात त्यापेक्षा, जे हरत नाहीत त्यांच्या निकालांवर मगरीची किती छाया पडली हे कधीच कळत नाही, हा मला जास्त मोठा प्रश्न वाटतो.

जुना वकील, नागपूर

मुक्काम सॅक्रामेंटो ताई, उत्तम प्रतिसाद. चाळीस वर्षे कोर्टात उभा राहिलेला माणूस म्हणून एक गोष्ट विचारावीशी वाटते. न्यायमूर्तींवर असे आरोप होत असताना त्यांना उत्तर देता येते का? आमच्याकडे तर न्यायमूर्ती स्वतःच्या निकालाविषयी चकार शब्द काढत नाहीत आणि तेच योग्य आहे.

तळटीप

जुना वकील काका, नेमके वर्मावर बोट ठेवलेत. उत्तरादाखल टेनेसीतील पेनी व्हाइट यांचे उदाहरण देतो, कारण शरावती यांच्या ‘पाळी’च्या मुद्द्यालाही ते लागू पडते.

१९९६ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने ओडम नावाच्या आरोपीची खुनाबद्दलची दोषसिद्धी कायम ठेवली, पण मृत्युदंड रद्द करून शिक्षेच्या मुद्द्यावर नव्याने सुनावणी घ्यायला सांगितले. निकालपत्र व्हाइट यांनी लिहिलेले नव्हते, त्यांनी त्याला फक्त सहमती दिली होती. मात्र नव्याने नेमल्या गेल्यामुळे त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मतपत्रिकेवर त्या न्यायालयातील नाव एकट्या त्यांचेच होते. प्रचार असा झाला, की या बाई खुन्यांना मोकळे सोडतात. आचारसंहितेमुळे त्या प्रकरणाविषयी त्यांना बोलता येईना, आणि ‘आरोपी सुटलेला नाही, तुरुंगातच आहे’ एवढेसुद्धा स्वतःच्या तोंडाने सांगण्याची सोय नव्हती. त्या हरल्या. न्यायाधीशाने निकाल देताना पद जाईल का म्हणून मागे वळून पाहावे का, असे पत्रकारांनी नंतर गव्हर्नर डॉन संडक्विस्ट यांना विचारले, तेव्हा ‘पाहावे अशीच माझी आशा आहे’ अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. निदान त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

साध्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याचेही दोष काढता येतात. इथे समोर माणूसच नसतो. विरोधकाला पर्याय द्यावा लागत नाही, नवा न्यायाधीश कोण येईल हे सांगावे लागत नाही, फक्त एका ओळीत राग जागवला की पुरते. आणि बचाव करणारा नियमाने गप्प.

आयोवाकर

पाळीच्या मुद्द्यावर आमच्या राज्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसावे. ३ एप्रिल २००९ रोजी आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारणारा कायदा राज्यघटनेविरुद्ध ठरवला. निकाल एकमताचा होता, सातही न्यायमूर्तींचा. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये सातांपैकी तिघांची मुदत कौलासाठी आली होती: मुख्य न्यायमूर्ती मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर. तिघांनीही प्रचारासाठी पैसा गोळा करायचा नाही असे ठरवले, कारण न्यायमूर्तींनी देणग्या मागत फिरणे हीच त्या पदाची विटंबना आहे अशी त्यांची धारणा होती. राज्याबाहेरून आलेल्या पैशावर विरोधकांच्या बसगाड्या गावोगाव फिरल्या. तिघेही हरले. आयोवात ही पद्धत १९६२ पासून आहे आणि तोवर सर्वोच्च न्यायालयातील एकही न्यायमूर्ती हरला नव्हता.

आता पुढचे पाहा. ते निकालपत्र ज्यांनी लिहिले ते मार्क कॅडी २०१० मध्ये मतपत्रिकेवर नव्हते. टर्नस यांच्या जागी सहकाऱ्यांनी त्यांनाच मुख्य न्यायमूर्ती निवडले, आणि २०१६ मध्ये त्यांची पाळी आली तेव्हा ते सहज कायम राहिले. दरम्यान २०१२ मध्ये डेव्हिड विगिन्स यांच्याविरुद्ध तशीच मोहीम झाली, पण ती फसली. म्हणजे ज्यांनी लिहिले ते राहिले, ज्यांनी सही केली त्यांतले तीन गेले, आणि निकाल जागच्या जागी राहिला. राज्यात विवाह एक दिवसही थांबले नाहीत. मी त्या वेळी नागरिक नव्हतो, त्यामुळे मत देऊ शकलो नाही, पण आमच्या कार्यालयातील दोन सहकाऱ्यांनी ‘नाही’चे वर्तुळ भरताना आपण विवाहाच्या प्रश्नावर मत देत आहोत असेच गृहीत धरले होते. निकालाने कायदा बदलला नाही हे कळल्यावर त्यांतला एक जण चक्रावून गेला होता.

तर्कट

आयोवाकर यांचे उदाहरण मला पटते, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. तीन जण हरले हा अन्याय असेल तर उपाय सातही जणांना एकाच वेळी उभे करणे हाही असू शकतो. कौलच नको, हे त्यातून सिद्ध होत नाही.

शिवाय कौल नको म्हणणाऱ्यांनी पर्याय सांगावा. विस्कॉन्सिनमध्ये न्यायमूर्ती खुल्या चुरशीने निवडले जातात. तिथे २०२५ च्या एप्रिलमध्ये एका जागेसाठी दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. तहहयात नेमणूक द्यावी, तर केंद्रीय न्यायालयांत नव्वदीतले न्यायाधीशही खुर्ची सोडत नाहीत. मग उरते काय?

शिकाऊ, पुणे

मी विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा धागा वाचताना सारखे मनात येत होते, की आपल्याकडे असा कौल असता तर? आपल्या राज्यघटनेत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना काढण्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागते आणि १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव लोकसभेत पडला, एवढे आम्हाला शिकवले आहे. मधला मार्ग काही नाही का?

जुना वकील, नागपूर

बाळा, मधला मार्ग आहे, फक्त तो लोकांच्या हाती नाही. अनुच्छेद २२४ पाहा. उच्च न्यायालयात पुष्कळ जण आधी दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून येतात आणि त्यानंतर त्यांना कायम करायचे की नाही हे न्यायवृंद, म्हणजे कॉलेजियम, आणि सरकार मिळून ठरवतात. त्या काळातील निकालपत्रे तपासली जातात. कायम न झालेल्या न्यायमूर्तीला कारण जाहीरपणे कळेलच असे नाही. इथे मगर टबात नसून बंद दाराआड असते, एवढाच फरक. तुमच्या प्रश्नावर हा धागा भरकटू नये म्हणून मी इथेच थांबतो. त्यावर वेगळा धागा काढ, मी येतो.

शरावती

जुना वकील काकांचे आभार. तर्कट यांनी पुरावा मागितला होता, तेव्हा माझ्याच राज्यातला देते, कारण पाळीचा मुद्दा मला सुचला तो तिथूनच.

७ जुलै २००५ च्या पहाटे दोनच्या सुमारास पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने स्वतःचे, न्यायाधीशांचे आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार वाढवणारे विधेयक कोणतीही जाहीर चर्चा न करता मंजूर केले. चालू मुदतीत आमदारांनी स्वतःची पगारवाढ घेऊ नये असा राज्यघटनेचा दंडक आहे. त्यातून वाट काढण्यासाठी ती रक्कम पावती न लागणारा खर्च म्हणून लगेच उचलण्याची सोय करण्यात आली. लोक खवळले. पण त्या नोव्हेंबरमध्ये आमदारांची निवडणूक नव्हती. राज्यभराच्या मतपत्रिकेवर ठळक नावे होती ती दोन न्यायमूर्तींची, रसेल निग्रो आणि सँड्रा शुल्ट्झ न्यूमन. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. ते विधेयक दोघांपैकी कोणीही मांडलेले नव्हते की संमत केलेले नव्हते. निग्रो थोडक्यात हरले आणि न्यूमन थोडक्यात वाचल्या. पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती अशा कौलात हरल्याचे ते एकमेव उदाहरण आहे.

आठवडाभरातच विधिमंडळाने पगारवाढ मागे घेतली. त्यावर कडी म्हणजे, न्यायाधीशांचा पगार एकदा वाढवल्यावर तो असा खाली आणता येत नाही या घटनात्मक आधारावर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांपुरती ती वाढ पुन्हा बहाल केली. म्हणजे मतदारांच्या रागातून जी एक व्यक्ती गेली तिचा त्या विधेयकाशी संबंध नव्हता, आणि मागे राहिलेल्या न्यायाधीशांच्या पदरात ती पगारवाढ पडली. आमदारांचा हिशेब लोकांनी २००६ च्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, चुकता केला, तो भाग वेगळा.

तर्कट, सातही जणांना एकदम उभे करण्याचा आपला उपाय इथे काय करू शकला असता? कदाचित सातही गेले असते.

तळटीप

पर्यायाबद्दल विचारले आहे, म्हणून सांगतो. सगळा दोष कौलाला देण्याआधी मतदाराच्या हाती काय माहिती असते हे पाहायला हवे. अलास्कात ज्युडिशियल कौन्सिल नावाची घटनात्मक संस्था आहे. ती प्रत्येक कौलाआधी वकील, पोलीस, प्रोबेशन अधिकारी, समाजसेवक, न्यायालयीन कर्मचारी आणि ज्युरीत बसलेले नागरिक यांना प्रश्नावल्या पाठवते, निकाल वेळेवर लागतात का, वागणूक नीट आहे का, पक्षपात दिसतो का हे विचारते, आणि ‘कायम ठेवा’ किंवा ‘ठेवू नका’ अशी स्पष्ट शिफारस करते. ती घरोघरी टपालाने जाणाऱ्या निवडणूक पुस्तिकेत छापून येते. ॲरिझोना, कोलोरॅडो, युटा इथेही मूल्यमापनाची मंडळे आहेत. शरावती म्हणतात त्या आळशी आणि उर्मट न्यायाधीशांना हुडकण्याची सोय असेल तर ती अशा कागदांतच आहे.

ॲरिझोनाचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४ सालचा गर्भपातबंदीचा कायदा अमलात आणता येतो असा निकाल दिला. त्या बहुमतातील क्लिंट बोलिक आणि कॅथरीन किंग यांची पाळी त्याच नोव्हेंबरात होती आणि त्यांच्याविरुद्ध मोहीम झाली. विधिमंडळातील बहुमताने त्याच मतपत्रिकेवर एक प्रस्ताव ठेवला, की न्यायमूर्तींचे हे नियमित कौलच बंद करावेत, आणि तेही त्या निवडणुकीसह. लोकांनी प्रस्ताव सुमारे तीन-चतुर्थांशांहून अधिक मतांनी फेटाळला, पण दोन्ही न्यायमूर्तींना मात्र ठेवले. आपला अधिकार सोडायचा नाही आणि तो ऊठसूट वापरायचाही नाही, असे काहीसे ते मत होते. इथे तर्कट यांच्या बाजूने एक गुण द्यायला माझी हरकत नाही.

योकोहामावासी

थोडी भर घालतो. जपानच्या युद्धोत्तर राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी लोकांचा कौल आहे आणि त्याची कल्पना मिसूरीवरूनच आली. कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीसोबत वेगळा कागद मिळतो. ज्याला काढायचे त्याच्या नावावर फुली मारायची; कागद कोरा टाकला तर ती संमती धरली जाते. आजवर एकही न्यायमूर्ती गेलेला नाही. अमेरिकेत कोरे वर्तुळ मोजणीतच येत नाही, जपानमध्ये ते न्यायमूर्तीच्या बाजूने जाते, त्यामुळे उदासीनतेचे वजन दोन्हीकडे वेगळे पडते.

मुक्काम सॅक्रामेंटो

योकोहामावासी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मोजणीचा नियम निकाल फिरवतो. इलिनॉयमध्ये कायम राहण्यासाठी साठ टक्के ‘हो’ लागतात. २०२० मध्ये थॉमस किलब्राइड यांना निम्म्याहून बरीच अधिक मते मिळाली आणि तरीही त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून कौलात हरलेले ते पहिले न्यायमूर्ती ठरले. त्यांच्याविरुद्धचा प्रचार मुख्यतः विधानसभेचे तेव्हाचे सभापती मायकेल मॅडिगन यांच्याशी त्यांचे नाव जोडण्यावर होता. न्यू मेक्सिकोत हाच आकडा ५७ टक्के आहे. उलट ओक्लाहोमात साधे बहुमत पुरते. तिथे १९८४ पासून न्यायालयावर असलेल्या इव्हॉन कॉगर २०२४ मध्ये अगदी अर्ध्याच्या काठावर हरल्या. ओक्लाहोमाने ही पद्धत १९६७ मध्ये घेतली ती न्यायमूर्तींनी लाच खाल्ल्याचे उघड झाल्यावर. एन. एस. कॉर्न या न्यायमूर्तींनी एका गुंतवणूक कंपनीच्या बाजूने निकाल देण्यासाठी दीड लाख डॉलर घेतल्याचे स्वतः कबूल केले आणि त्या प्रकरणात एका सहकाऱ्यावर महाभियोग झाला, तर दुसऱ्याने राजीनामा दिला. खुल्या निवडणुकांकडे परत चला म्हणणाऱ्यांनी तो इतिहास एकदा वाचावा.

जुना वकील काकांसाठी आणखी एक. ह्यूबर आणि गॉर्डन या दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील कनिष्ठ न्यायालयांच्या शिक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कौलाची तारीख जवळ येते तशा शिक्षा लांबतात, असे त्यांना आढळले. ते न्यायाधीश अपील न्यायालयांतले नव्हेत, पण त्यांच्यासमोरचा कौल याच जातीचा असतो.

जुना वकील, नागपूर

हे वाचून मात्र अस्वस्थ झालो. माझा अशील सोमवारी उभा राहिला की शुक्रवारी यावर त्याची शिक्षा अवलंबून असते हे आम्ही गमतीत म्हणायचो. निवडणुकीच्या तारखेवर ती अवलंबून असेल, तर अपिलात तो मुद्दा मांडायचा कसा? ज्यांच्यापुढे मांडायचा त्यांचीही तारीख येणारच असते.

तर्कट

काकांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. वरिष्ठ न्यायालये आज केवळ कज्जे निकाली काढत नाहीत. मतदारसंघ, शाळांचा निधी, गर्भपात यांवर धोरण ठरवतात. धोरण ठरवणाऱ्याला लोकांनी कधीच काही विचारू नये, हे मला पचत नाही. मुदत लांब ठेवा, मूल्यमापन सक्तीचे करा, बाहेरच्या पैशाचा उगम जाहीर करायला लावा. पण वर्तुळे राहू द्या.

तळटीप

यावर खरी परीक्षा आता कॅन्ससमध्ये आहे. १९५६ मध्ये तिथले गव्हर्नर फ्रेड हॉल यांना त्यांच्याच पक्षाने पुन्हा उमेदवारी नाकारली. मुदत संपायला काही दिवस उरलेले असताना, १९५७ च्या जानेवारीत, आजारी मुख्य न्यायमूर्ती बिल स्मिथ यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ हॉल यांनी गव्हर्नरपद सोडले, लेफ्टनंट गव्हर्नर जॉन मॅक्युइश गव्हर्नर झाले आणि त्यांनी हॉल यांना सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नेमले. लोकांना इतकी शिसारी आली, की १९५८ मध्ये त्यांनी नामनिर्देशन मंडळ आणि कौल ही पद्धत सर्वोच्च न्यायालयासाठी घटनेतच घातली. मधल्या अपील न्यायालयाच्या नेमणुका २०१३ मध्ये मंडळाकडून काढून गव्हर्नर आणि सिनेटकडे दिल्या गेल्या, कौल तेवढा राहिला. २०१४ मध्ये खुनांबद्दल दोषी ठरलेल्या, कार आडनावाच्या दोन भावांचे मृत्युदंड रद्द केल्याबद्दल दोन न्यायमूर्ती हरता हरता वाचले, आणि २०१६ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवल्यावरही चौघांविरुद्धची मोहीम यशस्वी झाली नाही. आता विधिमंडळाने २०२६ च्या ऑगस्टमधील मतदानासाठी प्रस्ताव ठेवला आहे, की सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थेट निवडणुकीने निवडावेत.

शरावती

तर्कट, ऑगस्टमधील मतदान हे प्राथमिक फेरीचे असते आणि तिथे मतदार नोव्हेंबरपेक्षा कमी येतात, हेही ध्यानात घ्या. दिवस कोणता निवडला जातो हा माझ्या तक्रारीचाच एक भाग आहे. विचिटा, टोपेका किंवा कॅन्सस सिटीच्या कॅन्सस राज्यातील बाजूला राहणारे कोणी सभासद असतील तर त्यांनी मतपत्रिका हाती आल्यावर प्रश्नाची छापील शब्दरचना इथे द्यावी. तिथे ‘हो’ म्हणजे नेमके कशाला हो, हे पाहून पुढे बोलू.